खणखणीत वाजला म्हणजे स्लॅब पक्का?

“स्लॅबवर हातोडी मारा. खणखणीत वाजला तर चिंता नको, बद्द वाजला तर धोका.” कोकणात पावसाळा जवळ आला की फिरणारा हा निरोप अर्धा खरा आहे.

बद्द आवाज म्हणजे बहुधा गिलावा किंवा काँक्रीटचा वरचा थर आतून सुटलेला. पण खणखणीत आवाज हमी देत नाही. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ मुरत मुरत सळीपर्यंत पोचतं, सळी गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि शेवटी काँक्रीट फोडतो. तोवर आवाज छानच येणार!

खोलवरचं कळायला अल्ट्रासोनिक चाचणी. एका बाजूने ध्वनिलहरी सोडतात, दुसरीकडे पोचायला लागलेला वेळ मोजतात. वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, ३ च्या खाली शंकास्पद. (हे आकडे जांभ्याच्या भिंतीला लावू नका.) गंज मात्र या चाचणीलाही थेट दिसत नाही, त्याचा अंदाज घ्यायला सळीचं विद्युत विभव (व्होल्टेज) मोजावं लागतं.

घरी हातोडी जरूर वापरा, बद्द जागी खडूने खूण करा. सोबत सळीच्या रेषेत गेलेल्या भेगा आणि तांबूस डागही शोधा. ते दिसले, तर आवाज कसाही असो, अभियंत्याला बोलवा.