झिजलेले दात आणि चाव्याची उंची : एक पार्श्वभूमी

तोंडातले सगळे दात नव्याने करून घेणारे लोक मुंबईत पूर्वीही होते. पण तेव्हा त्याचा अर्थ एकच होता : उरलेसुरले दात काढून टाकायचे आणि कवळी बसवायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रबराची कवळी आली, १९३० च्या दशकाअखेरीस ॲक्रिलिक हे प्लास्टिक आले आणि कवळी हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्यांच्या नोंदवहीचे दोन भाग पाडले. पहिला पदवीधरांचा. दुसरा पदवी नसलेल्या, पण किमान पाच वर्षे याच कामावर पोट भरणाऱ्यांचा. वडिलांच्या किंवा मामाच्या हाताखाली शिकलेल्या कारागिरांना त्यामुळे कायद्याने काम करता आले.

स्वतःचे दात राखून सगळा चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकण्याची ठेवण, नव्याने बांधायचा, हा विचार वेगळ्या वाटेने आला. १९२६ मध्ये कॅलिफोर्नियात काही दंतवैद्यांनी जबड्याच्या हालचालींच्या अभ्यासासाठी मंडळ काढले. जबडा सांध्यात कसा फिरतो ते मोजायचे, ते यंत्रावर उतरवायचे आणि त्याप्रमाणे दात घडवायचे, असा त्यांचा आग्रह होता. १९५५ मध्ये इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, आम्ल लावून भराव चिकटवण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. १९६० च्या दशकात धातूवर पोर्सिलेन चढवलेल्या कॅपा रुळल्या. मुंबईत ही विद्या मुख्यतः बोरीबंदरजवळच्या सरकारी आणि मुंबई सेंट्रलच्या महापालिकेच्या दंत महाविद्यालयांतून पसरली.

इथल्या तोंडांची दुर्दशा मात्र इथलीच होती. पाश्चात्त्य पुस्तकांत दात झिजण्याची कारणे म्हणून रात्री दात खाणे, पोटातले आम्ल वर येणे, आंबट पेये अशी यादी असते. मुंबईत त्याआधी मशेरी, सुपारी आणि तंबाखूचा बार यांचा हिशेब मांडावा लागतो. वर्षानुवर्षे सुपारी चघळणाऱ्याच्या दाढा सपाट होतात, मधे पिवळे डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा थर, उघडे पडते. पुढे गुटख्याच्या पुड्या आल्या आणि विशी-तिशीतली मुले तोंड न उघडण्याची तक्रार घेऊन येऊ लागली. सुपारी-गुटख्याने होणाऱ्या सबम्यूकस फायब्रोसिस या रोगात गालाची आतली त्वचा ताठ होत जाते. एरवी ३५ ते ५० मिलिमीटर उघडणारे तोंड २० मिलिमीटरवर आले की माप घ्यायचा ट्रेही आत जात नाही, तो दोन तुकड्यांत करून घालावा लागतो. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने ती २००४ मध्ये रद्द ठरवली. अन्नसुरक्षा कायद्याखाली नवी बंदी यायला २०१२ उजाडले. मधल्या वर्षांत ज्यांना सवय लागली, ते आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि मोडलेली तोंडे घेऊन दवाखान्यांत येत आहेत.

चावा नव्याने बांधण्याच्या उपचारातला सगळ्यात वादग्रस्त निर्णय चाव्याच्या उंचीचा. मुंबईतले दंतवैद्य त्याला सरळ ‘बाइट वाढवणे’ म्हणतात. दात झिजून आखूड झाले, आता त्यांच्यावर कॅप बसवायची तर जागा हवी. ती कुठून आणायची? वरचा आणि खालचा जबडा मिटतो तेव्हा त्यांच्यातले अंतर थोडे वाढवले, तर जागा मिळते. पण असे वाढवता येते का, यावर निम्मे शतक भांडण चालले.

१९३० आणि ४० च्या दशकांतल्या मोजमापांवरून असे मत घट्ट झाले की जबड्याची विसाव्याची स्थिती जन्मभर बदलत नाही. विसाव्यात वरच्या-खालच्या दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटर फट असते. उंची वाढवून ती फट खाल्ली, तर स्नायू बंड करतील, सांधा दुखेल, नवे दात पुन्हा आत दाबले जातील, असे विद्यार्थ्यांना शिकवले जाई. त्यामुळे अनेक शिक्षकांनी बाइटला हात लावायचाच नाही, असा दंडक घालून दिला. मग जागा करण्यासाठी आधीच आखूड झालेला दात आणखी घासायचा, धडधाकट नसेची रूट कॅनल करायची, हिरडी कापून दात लांब करायचा. त्या सावधपणापायी अनेक जिवंत दात बळी गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

उलट बाजूनेही चूक होत होती. दात आखूड दिसले म्हणजे उंची गेलीच, असे नसते. दात सावकाश झिजतो तेव्हा तो हाडासकट हळूहळू पुढे सरकतो आणि समोरच्या दाताशी भेट टिकवून धरतो. चेहऱ्याची खालची उंची जशीच्या तशी राहते. १९८४ मध्ये अमेरिकेत मांडलेल्या एका वर्गवारीने झिजलेल्या तोंडांचे तीन गट केले : उंची गमावलेली, उंची न गमावलेली पण जागा असलेली, आणि उंचीही शाबूत व जागाही नसलेली. आपल्याकडच्या पदव्युत्तर परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. पण पाठ केलेली वर्गवारी आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचा गट ओळखणे, यांत बरेच अंतर आहे. त्यासाठी जुने फोटो पाहावे लागतात, बोलताना ‘स’चा उच्चार ऐकावा लागतो, ओठ मिटलेला चेहरा निरखावा लागतो. यातली कुठलीच खूण एकटी पुरेशी नाही.

नॉर्वेतल्या दंतवैद्यांनी १९७५ मध्ये वेगळाच मार्ग दाखवला. वरच्या पुढच्या दातांमागे धातूची एक पातळ पट्टी बसवली, त्यामुळे दाढा एकमेकींपासून सुटल्या. काही महिन्यांत दाढा वाढून पुन्हा टेकल्या, पुढचे दात थोडे आत गेले आणि दात न घासता समोर जागा तयार झाली. उंची वाढवली की अनर्थ होतो, या समजाला हा मोठा धक्का होता. २०१२ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. उंची पाच मिलिमीटरपर्यंत वाढवली तरी बहुतेकांना सोसते, सुरुवातीची दुखी साधारण दोन आठवड्यांत ओसरते, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र मागे दाढांवर एक मिलिमीटर उचलले की पुढे दोन ते तीन मिलिमीटर उघडतात, हे गणित विसरून चालत नाही.

तरीही प्रत्येक तोंड सोसेलच, याची हमी आगाऊ मिळत नाही. म्हणून आधी स्प्लिंट (दातांवर बसवायचा काढता-घालता येणारा साचा) किंवा ॲक्रिलिकचे तात्पुरते दात देऊन सहा ते आठ आठवडे वाट पाहायची रीत पडली. रुग्ण त्यांवर भाकरी खातो, फोनवर बोलतो, झोपतो. कुठे तुकडा उडतो, कुठे जीभ अडखळते, सकाळी गाल दुखतो का, हे सगळे त्या काळात कळते. पक्क्या कॅपा त्यानंतर. या उपचारातला सर्वांत मोलाचा काळ हाच, आणि मुंबईत आज सर्वांत आधी कात्री लागते तीही यालाच.

त्याला इम्प्लांटचा, म्हणजे दातासाठी जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूचा, इतिहास कारणीभूत आहे. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये सशाच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा तुकडा हाडाशी एकजीव झालेला आढळला. १९६५ मध्ये पहिल्या माणसावर प्रयोग झाला, १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर जगाने ते स्वीकारले. तेव्हा स्क्रू बसवून तीन ते सहा महिने थांबायचे, असा नियम होता. १९९० च्या दशकाअखेरीस लिस्बनमध्ये चार इम्प्लांटवर अख्खी ओळ बसवून त्याच दिवशी तात्पुरते दात देण्याची पद्धत सुरू झाली. ज्याचे सगळे दात गेलेले आहेत आणि कवळी टिकत नाही, त्याच्यासाठी ती मोठी सोय आहे. पण ‘तीन दिवसांत फिक्स दात’ हे वाक्य अंधेरी-ठाण्याच्या जाहिरातींत आल्यावर वाचवता येण्याजोगे दातही काढले जाऊ लागले, कारण दहा-बारा दात एकेक करून वाचवण्यापेक्षा सगळे काढणे वेळापत्रकात चांगले बसते. विरारहून किंवा कर्जतहून रजा टाकून येणाऱ्याला आठ फेऱ्या नकोशा वाटतात, आणि दातांचा हा खर्च बहुतांश आरोग्य विम्यांत बसत नसल्याने सगळा खिशातून जातो. त्यांची अडचण खरी आहे. मात्र काढलेला दात परत येत नाही, हे त्यांना आधी सांगितले गेले पाहिजे.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा तोंडातून उडणाऱ्या तुषारांच्या भीतीने दवाखाने बंद पडले. अर्धवट राहिलेली कामे तात्पुरत्या कॅपांवर लटकली. सहा आठवड्यांसाठी केलेल्या ॲक्रिलिकला महिनोन्‌महिने तग धरावा लागला.

गेल्या दशकभरात तोंडाचे स्कॅनर आणि झिरकोनिया (दातांसाठीचे अतिशय कठीण सिरॅमिक) कोरणारी यंत्रे शहरातल्या लॅबमध्ये स्थिरावली. संगणकावर हसू आखून दाखवता येते, त्यामुळे रुग्णाला होकार देणे सोपे जाते. झिरकोनिया ॲक्रिलिकसारखा झिजून जागा करून देत नाही, त्याची उंची चुकली तर त्रास समोरच्या दाताला आणि सांध्याला होतो. या यंत्रांचा खरा उपयोग वेगळा आहे. दोन महिने वापरून, घासून, जुळवून घेतलेले तात्पुरते दात जसेच्या तसे स्कॅन करता येतात आणि तोच आकार, तीच उंची झिरकोनियात उतरवता येते. पूर्वी हे लॅबमधल्या तंत्रज्ञाच्या नजरेवर आणि मेणावर अवलंबून असे. आता ती नक्कल मिलिमीटरच्या अंशापर्यंत साधते, अट एवढीच की नक्कल करण्याजोगे दात त्या तोंडाने आधी वापरलेले असावेत.