फ्रांझ सेल चाचणी : डायक्लोफेनॅक जेल

डायक्लोफेनॅक हे एरवी गोळीतून घेतले जाणारे वेदनाशामक कातडीवाटे दिले तर किती आणि किती वेगाने उतरते, हे माणसावर वापरण्याआधी काचेच्या उपकरणात मोजण्याची पद्धत. थॉमस फ्रांझ यांच्या १९७५ मधील शोधनिबंधावरून उपकरणाला हे नाव पडले. शिरपूर, फैजपूर, जळगाव इथे फार्मसी महाविद्यालये असल्याने खानदेशातल्या एम. फार्म.च्या विद्यार्थ्यांना ती परिचयाची आहे. मात्र ठरवून दिलेले तापमान इथल्या एप्रिल-मेमध्ये राखणे हे या चाचणीतले सर्वांत अवघड काम.

तोंडावाटे घेतलेल्या डायक्लोफेनॅकपैकी जवळपास निम्मे यकृतातल्या पहिल्याच फेरीत खर्ची पडते; जठराच्या अस्तराला होणारा त्रास वेगळाच. केळीचे घड वाहणाऱ्या मजुराचा गुडघा दुखत असेल, तर औषध गुडघ्यापाशीच पोचलेले बरे. सोडियम क्षाराचा रेणुभार ३१८ आहे. कातडीतून जाण्यासाठी मानलेल्या ५०० च्या मर्यादेच्या तो बराच आत येतो. बाजारातल्या नेहमीच्या जेलमध्ये १.१६ टक्के डायएथिलअमाइन क्षार असतो, म्हणजे १ टक्का सोडियम क्षाराइतके औषध. नव्या जेलची तुलना याच्याशी करतात.

जेल बांधण्यासाठी ०.५ ते १ टक्का कार्बोपोल (पाणी दाट करणारी पूड) ढवळत्या पाण्यावर हळूहळू भुरभुरतात. एकदम ओतला तर बाहेरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या मग फुटत नाहीत. रात्रभर भिजल्यावर ट्रायएथेनॉलअमाइन हा अल्कली थेंबाथेंबाने घालून पीएच (आम्लतेचे माप) ७ च्या आसपास आणतात. सोडियम क्षार वापरल्यास त्यातल्या आयनांमुळे कार्बोपोल पातळ पडतो; तिथे एचपीएमसी (सेल्युलोजपासून केलेला दाटक) घेणे शहाणपणाचे. पीएच फार उतरला तर औषध आम्लरूपात येऊन त्याचे स्फटिक दिसू लागतात.

सेलचे दोन भाग : वर जेल ठेवायची वाटी, खाली बफरची (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाची) कुपी, मध्ये पडदा. १५ मिमी तोंडाच्या सेलचे क्षेत्रफळ १.७७ चौ. सेंमी. भरते, खाली साधारण १२ मिली फॉस्फेट बफर (पीएच ७.४) आणि चुंबकी ढवळणी असते. पडदा म्हणून डुकराच्या कानाची कातडी घेतात. केस कात्रीने कापावेत. वस्तऱ्याने वरचा थर खरवडला जातो, आणि औषधाला अडवणारा थर तोच, जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा. कृत्रिम पडदाही चालतो, पण तो जेलमधून औषध किती सुटते एवढेच सांगतो. तो आकडा ‘कातडीतून गेले’ म्हणून लिहिणे ही सर्रास होणारी आणि गंभीर चूक आहे.

पडद्याखाली बुडबुडा राहिला की तेवढ्या भागातून औषध उतरत नाही आणि आकडा कमी येतो. म्हणून बफरमधली हवा आधी काढून टाकतात, आणि सेल तिरका करून बुडबुडा बाजूच्या नळीतून बाहेर घालवतात. पडद्याचा पृष्ठभाग ३२ अंशांवर राहावा लागतो. साधा वॉटर बाथ पाणी तापवू शकतो, थंड करू शकत नाही. खोलीच ४० अंशांवर असेल तर तो ३२ वर येणारच नाही. शीतकरण असलेला सर्क्युलेटर (ठरावीक तापमानाचे पाणी फिरवणारे यंत्र) किंवा वातानुकूलित खोली हवी. तापमान वाढले की झिरपण्याचा वेग वाढतो आणि साधारण जेलही उत्तम वाटते. कोरड्या हवेत अल्कोहोलयुक्त जेलमधला द्राव उडून औषध दाट होते, तो दोष वेगळा; जिथे वाटी झाकायची असते तिथे पॅराफिल्म (ताणून बसवायची मेणचट पट्टी) घट्ट बसवावी. २४ तासांच्या चाचणीत वीज गेली तर ढवळणी थांबते. तो सेल निकालातून वगळावा, मधले आकडे अंदाजाने भरू नयेत.

ठरलेल्या वेळी १ मिली नमुना काढून तेवढाच कोमट बफर परत घालतात. काढलेले औषध हिशेबात परत धरावे लागते. समजा, चौथ्या नमुन्यात दर मिलीला १० मायक्रोग्रॅम सापडले आणि आधीच्या तिघांत २, ४ व ७. तर कुपीतल्या १२ मिलीत १२०, अधिक आधी काढलेले १३, म्हणजे एकूण १३३, आणि १.७७ ने भागून दर चौ. सेंमी.ला सुमारे ७५ मायक्रोग्रॅम. वेळेविरुद्ध हे आकडे मांडल्यावर सरळ रेषेचा जो उतार मिळतो, तो फ्लक्स, म्हणजे औषध उतरण्याचा वेग. मोजणी २७६ नॅनोमीटरवर यूव्ही (अतिनील प्रकाश मोजणाऱ्या) यंत्राने होते, पण कातडीतून सुटलेली प्रथिनेही त्याच सुमारास प्रकाश शोषतात. औषधाविना एक सेल सोबत चालवावा, किंवा मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे एचपीएलसी यंत्र सरळ वापरावे. किमान ६ सेल एकत्र लावतात, कारण एकाच कानाच्या दोन तुकड्यांतही फरक पडतो.

यानंतर उंदरांच्या पंजाला कॅराजीनन (समुद्रशेवाळातला पदार्थ) टोचून सूज आणून केलेली चाचणी, आणि मग भारताच्या २०१९ च्या नवी औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार नीतिसमितीच्या संमतीने माणसांवरील चाचणी. टिकाऊपणा ३० अंश व ७५ टक्के आर्द्रतेत, तसेच ४० अंश व ७५ टक्क्यांत तपासतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात तापमान ४० च्याही वर जाते, त्यामुळे या भागासाठीच्या जेलची ट्यूब ४५ अंशांवरही ठेवून पाहावी : द्राव वेगळा होतो का, पीएच उतरतो का.