दीडशेची बॅटरी म्हणजे नेमकी किती?

इंदूरच्या महाराणी रोडवर इन्व्हर्टर घ्यायला गेलं की आजही पहिला प्रश्न येतो, "शंभरची देऊ की दीडशेची?" हे आकडे बॅटरीच्या क्षमतेचे, अँपिअर-तासांत (एएच). या प्रश्नाची सवय शहराला लागली ती १ नोव्हेंबर २००० नंतर. त्या दिवशी राज्याचे दोन भाग झाले. कोरब्याची औष्णिक केंद्रं आणि त्यांचा कोळसा छत्तीसगडात गेला, माळव्यातल्या विहिरींवरचे पंप मात्र मध्य प्रदेशातच राहिले. रब्बीचं पाणी सुरू झालं की विजेची कटौती ठरलेली, आणि ती मार्चच्या परीक्षांपर्यंत पुरायची. २००३ची विधानसभा निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी याच मुद्द्यांवर लढली गेली. रामबागेतल्या वाड्यांत आणि सुदामानगरच्या नव्या घरांत इन्व्हर्टर आले ते याच तीन-चार वर्षांत.

ते विकत होते मुख्यतः गाड्यांच्या बॅटऱ्या विकणारे दुकानदार. त्यांनी जवळ होतं ते दिलं: पातळ, सपाट प्लेटांची बॅटरी. गाडीला स्टार्टरसाठी काही सेकंद भरपूर करंट लागतो, लगेच डायनामो ती पुन्हा भरून काढतो. घरात उलट घडतं. दोन-तीन तास सावकाश, पण खोलवर उपसा होतो. अशा उपशात सपाट प्लेटांवरचा लेप सुटून तळाशी साचतो. वर्ष-दीड वर्षात बसलेल्या त्या बॅटऱ्यांचा दोष लोकांनी इन्व्हर्टरला दिला, आणि तो अन्याय होता. पुढे ट्युब्युलर आली. तिच्यात शिशाच्या काड्यांभोवतीचा लेप कापडी नळ्यांत धरून ठेवलेला असतो. वजनाला जड, किंमतही चढी. पण घरातल्या वापराला तीच योग्य, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दुकान गाडीचं असल्यामुळे गाडीचं मापही घरात आलं, आणि खरा गोंधळ तिथला आहे. गाडीच्या बॅटरीची क्षमता २० तासांच्या दरानं मोजण्याची रीत आहे, म्हणजे सी-२०. टेलिफोन एक्सचेंज आणि वीज उपकेंद्रांतल्या बॅटऱ्या १० तासांच्या दरानं मोजल्या जातात, तो सी-१०. घरातली बॅटरी एका जागी बसलेली, काम एक्सचेंजसारखं, पण तिच्यावरचा आकडा राहिला गाडीचा. सी-२० वर १५० एएच म्हणजे २७ अंशांना ७.५ अँपिअरनं २० तास, व्होल्टेज १०.५ वर उतरेपर्यंत. तीच बॅटरी १० तासांत रिकामी केली तर सव्वाशेच्या आसपास, कधी त्याहूनही कमी देते. उपसा जितका जोरात तितकी हाती येणारी क्षमता कमी, हे १८९७ मध्येच एका जर्मन शास्त्रज्ञानं सूत्रात मांडलं होतं.

घरातला हिशेब असा. चार पंखे आणि चार एलईडी ट्यूब मिळून ३८० वॉट. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ४० अँपिअर निघतात. १५० ला ४० नं भागलं की पावणेचार तास येतात. प्रत्यक्षात नव्या बॅटरीवरही सव्वादोन तासांच्या आसपास. कुणी खोटं लिहिलेलं नसतं. फक्त "सी-२०" ही अक्षरं बारीक आणि १५० हा आकडा ठळक छापलेला असतो, आणि घर चालवणाऱ्या माणसाला फसल्यासारखं वाटतं. सी-१० चा आकडा घरगुती बॅटरीवर आधीपासून ठळक हवा होता. सोलर बॅटऱ्या आल्यावर तो दिसू लागला. तेव्हा सी-१० ची १५० महाग वाटली, कारण ती तुलना सी-२० च्या १५० शी झाली.

मोठी बॅटरी घेतली की प्रश्न सुटला, ही त्या काळातली दुसरी समजूत. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका असावा, म्हणजे दीडशेला १५ अँपिअर. जुने ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचे इन्व्हर्टर ८-१० च द्यायचे, आणि मेन लाइन १७०-१८० व्होल्टवर आली की त्याहून कमी. सकाळ-संध्याकाळ कटौती, मध्ये अपुरं चार्जिंग. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो. अशा घरात शंभरची बॅटरी दीडशेपेक्षा जास्त टिकली असती. ट्युब्युलरला चार्जिंगचं व्होल्टेजही सपाट प्लेटेपेक्षा थोडं जास्त लागतं. नंतरच्या इन्व्हर्टरांना मागच्या बाजूला बॅटरीचा प्रकार निवडायची कळ आली ती यासाठीच. बॅटरी बदलताना ती कळ फिरवायला मेकॅनिक अजूनही विसरतात, म्हणून आपण स्वतः पाहून घ्यावी.

२०१३ च्या सुमारास घरगुती वीज २४ तासांची झाली आणि बॅटरीचं काम पालटलं. आता ती महिनोन्‌महिने भरलेली पडून असते आणि उन्हाळ्यातल्या वादळात एखाद वेळा लागते. मेच्या उकाड्यात जिन्याखाली ठेवलेल्या बॅटरीतलं पाणी आटतं, ते कुणी पाहत नाही.

अलीकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये छतावरच्या सोलरची केंद्रीय योजना आली. लाइनशी जोडलेलं साधं सोलर, लाइन गेली की सुरक्षेसाठी स्वतःच बंद होतं, हे अनेकांना पॅनेल बसल्यावर कळलं आणि बॅटरीचा विषय परत निघाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून शिशाच्या बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे लिथियम बॅटरीइतकाच. आता दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेल्या असतात. लिथियमच्या खोक्यावर १२.८ व्होल्ट, १०० एएच, म्हणजे १२८० वॉट-तास. शिशाच्या दीडशेवर आकड्यानं १८००. त्याच चार पंखे आणि चार ट्यूबवर दीडशे शिशाची हजाराच्या आसपास वॉट-तास देते, आणि शंभर लिथियमची त्याहून थोडी जास्त. जुना इन्व्हर्टर मात्र लिथियमला चालेलच असं नाही. त्याची चार्जिंगची व्होल्टेज आधी तपासावी लागतात.