विस्डेनच्या मुखपृष्ठावरचे ते दोघे

क्रिकेटवेड्या घरात पिवळ्या पाठीच्या विस्डेनची, म्हणजे इंग्लंडमधून निघणाऱ्या क्रिकेटच्या वार्षिकाची, एखादी तरी प्रत असते. तिच्या मुखपृष्ठावर उंच हॅट घातलेला फलंदाज आणि त्याच्यामागे तशाच हॅटमधला यष्टिरक्षक, हे चित्र डोळ्यांत बसलेलं असतं. ते कुणी काढलं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. ते लाकडावर कोरलं इंग्लिश चित्रकार एरिक रॅव्हिलियसनं, आणि पहिल्यांदा छापलं गेलं 1938 च्या अंकावर.

रॅव्हिलियसचा जन्म 1903 चा, लंडनमधल्या ॲक्टनचा. वाढला तो ईस्टबोर्नला, समुद्रकाठी. तिथल्या कलाशाळेतून 1922 मध्ये तो रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेला. तिथे चित्रकार पॉल नॅश शिकवायला होते आणि वर्गात सोबती एडवर्ड बॉडन. बॉडनशी जमलेली मैत्री जन्मभर टिकली. लंडनच्या मॉर्ली कॉलेजच्या भिंती या दोघांनी मिळून रंगवल्या. 1930 मध्ये त्या खुल्या झाल्या आणि दहाच वर्षांत जर्मन बाँबनी ती इमारत पाडली.

पोट भरलं ते लाकूड कोरून. बॉक्सवुडच्या गुळगुळीत ठोकळ्यावर बारीक हत्यारानं रेघ काढायची. कोरलेला भाग कागदावर पांढरा उमटतो, राहिलेला काळा. म्हणजे अंधारातून उजेड खरवडून काढायचा. पुढे जलरंगांकडे वळल्यावरही हा हात बदलला नाही. कोरड्या कुंचल्याच्या समांतर रेघा आणि त्यांच्यामधून डोकावणारा कोरा कागद. 1940 चं 'ट्रेन लँडस्केप' बघा: तिसऱ्या वर्गाचा रिकामा डबा, दारावर 3 चा आकडा आणि खिडकीबाहेर टेकडीच्या उतारावर कोरलेला भलामोठा पांढरा घोडा. मनासारखी न उतरलेली दोन चित्रं कापून-चिकटवून ते तयार झालं, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

वेजवुड या चिनीमातीची भांडी बनवणाऱ्या कंपनीसाठी त्यानं कपबश्या सजवल्या. आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचा मग 1936 मध्ये तयार होता, वर आतषबाजी, खाली राजचिन्ह. डिसेंबरात राजानं गादीच सोडली! तेच डिझाइन थोडं बदलून सहाव्या जॉर्जसाठी चाललं आणि 1953 मध्ये पुन्हा एलिझाबेथसाठी. हा शेवटचा मग बघायला रॅव्हिलियस नव्हता.

युद्ध सुरू झाल्यावर सरकारनं त्याला युद्धचित्रकार नेमलं. नॉर्वेच्या समुद्रातल्या युद्धनौका, पाणबुडीची कोंदट पोटं, धावपट्टीवरची विमानं त्यानं काढली. विध्वंस मात्र जवळजवळ नाहीच. ही त्याची उणीव म्हणायची की स्वभाव? मला स्वभाव वाटतो. बंद खोली असो की युद्धनौका, तो तितक्याच शांतपणे बघायचा. 1942 मध्ये तो आइसलंडला गेला. एक हडसन विमान बेपत्ता झालं होतं. 2 सप्टेंबरला त्याच्या शोधात निघालेल्या दुसऱ्या विमानात तो बसला, तेही परतलं नाही. वय 39. मागे चित्रकार पत्नी तिर्झा गारवुड आणि तीन लहान मुलं. 1951 मध्ये तिर्झाही गेली.

नंतर नाव मागे पडलं. उरलेली बरीच जलरंगचित्रं बॉडनच्या घरी पलंगाखाली पडून होती. 1970 च्या दशकात, मोठ्या झालेल्या मुलांच्या हाती ती लागली. तोवर विस्डेनवरचे ते दोघे हॅटवाले मात्र दरवर्षी न चुकता छापले जात होते.