ब्लॅककरंटचा अर्क: बाटलीवरचे मिलिग्रॅम नेमके कशाचे?

सुक्यामेव्याच्या दुकानात ‘ब्लॅक करंट’ मागितलं की बऱ्याचदा समोर काळे मनुके येतात. दुकानदाराची त्यात फारशी चूक नाही. ‘करंट’ हे नाव मुळात ग्रीसमधल्या कॉरिंथ शहरावरून आलं आणि ते होतं तिथल्या बारीक, बिनबियांच्या वाळवलेल्या द्राक्षांचं. पुढे युरोपातल्या थंड भागात वाढणाऱ्या एका वेगळ्याच झुडपाच्या फळांनाही ते चिकटलं. गोंधळ कमी पडला म्हणून की काय, आपल्या करवंदालाही इंग्रजीत ‘बेंगॉल करंट’ म्हणतात. या लेखातलं ब्लॅककरंट म्हणजे रायबीज नायग्रम. मनुका नाही, करवंद नाही, आणि आइस्क्रीममधला जांभळा रंगही नाही.

हे झुडूप छातीएवढं वाढतं. कळ्या नीट फुटायला त्याला हिवाळ्यात हजार-दीड हजार तासांची कडक थंडी लागते. त्यामुळे महाबळेश्वरच्या हवेवरही त्याचं भागत नाही. पोलंड, रशिया, ब्रिटन आणि न्यूझीलंडचं दक्षिण बेट ही त्याची खरी ठिकाणं. आपल्याकडे मिळणारा अर्क जवळजवळ सगळा आयात केलेला असतो, आणि किंमत चढी असण्याचं तेही एक कारण आहे.

फळाची ख्याती झाली ती ‘क’ जीवनसत्त्वामुळे. १०० ग्रॅम ताज्या ब्लॅककरंटमध्ये सुमारे १८० मि.ग्रॅ. ‘क’ असतं, संत्र्यात साधारण ५०. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्री येणं बंद झालं, तेव्हा सरकारने लहान मुलांना ब्लॅककरंटचं सरबत वाटलं. या ख्यातीचा पुढचा अध्याय मात्र फजितीचा आहे. न्यूझीलंडमध्ये दोन शाळकरी मुलींनी विज्ञानाच्या प्रयोगात ‘रायबीना’ या पेयातलं ‘क’ मोजलं, तर ते जवळपास सापडेचना. जाहिरात सांगत होती की ब्लॅककरंटमध्ये संत्र्याच्या चौपट ‘क’ असतं. ते फळाबद्दल होतं, बाटलीतल्या पेयाबद्दल नव्हतं. २००७ मध्ये उत्पादक कंपनीला न्यायालयाने २ लाख १७ हजार ५०० न्यूझीलंड डॉलरचा दंड ठोठावला.

फळाचे गुण सांगून वेगळीच वस्तू विकण्याचा हा प्रकार पूरक आहाराच्या बाजारात आजही चालतो. तो ओळखायचा तर अर्क कसा बनतो हे आधी पाहायला हवं.

झुडपापासून कॅप्सूलपर्यंत

ब्लॅककरंटचा रंग सालीत असतो. फळं गोठवून, चिरडून त्यात पेक्टिनेज हे विकर (एन्झाइम) घालतात आणि ४५-५० अंश तापमानाला दोन-एक तास ठेवतात. फळात पेक्टिन हा घट्ट धरणारा चिकट घटक भरपूर असल्याने हे केलं नाही तर लगदा जेलीसारखा धरतो आणि रस सुटतच नाही. रस पिळून घेतला की तो गाळून रेझिनच्या बारीक मण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून सोडतात. सालीचा जांभळा रंग, म्हणजे अँथोसायनिन, त्या मण्यांना चिकटून राहतो. साखर, आम्लं आणि ‘क’ जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जातं. मग अल्कोहोलने मण्यांवरचा रंग उतरवायचा, निर्वात पात्रात कमी तापमानाला अल्कोहोल उडवायचं आणि उरलेला दाट द्राव माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून बनवलेली भुकटी) मिसळून फवारून वाळवायचा. हाती गडद जांभळी, तुरट भुकटी येते.

म्हणजे चांगल्या, घट्ट अर्कात ‘क’ जीवनसत्त्व नावापुरतंच उरतं. लेबलवर ते दिसत असेल तर बहुधा वेगळं घातलेलं असतं. त्यात गैर काही नाही, पण त्याच्यासाठी ब्लॅककरंटचे पैसे मोजायची गरज नाही. आपला आवळा आणि पेरू त्या बाबतीत त्याला मागे टाकतात.

आता लेबल. ‘ब्लॅककरंट ५०० मि.ग्रॅ.’ असं ठळक छापलेलं असतं, पण ते ५०० मि.ग्रॅ. कशाचे? तीन शक्यता आहेत. पहिली, नुसती वाळवलेल्या फळाची भुकटी. फळात साधारण ८२ टक्के पाणी असतं, म्हणजे ५०० मि.ग्रॅ. भुकटी जेमतेम पावणेतीन ग्रॅम फळापासून येते. १०० ग्रॅम फळात अँथोसायनिन सुमारे २५० मि.ग्रॅ. धरलं (वाणानुसार हा आकडा बराच खालीवर होतो), तर त्या कॅप्सूलमध्ये ते जास्तीत जास्त ७ मि.ग्रॅ. असेल. दुसरी, ‘१०:१ अर्क’. दहा भाग फळापासून एक भाग अर्क, म्हणजे ५ ग्रॅम फळ, आणि काहीही वाया गेलं नाही असं मानलं तरी १२-१३ मि.ग्रॅ. अँथोसायनिन. हा १०:१ आकडा भारदस्त वाटतो, पण आत सक्रिय घटक किती उरला याची त्यात कसलीही हमी नसते. तिसरी शक्यता म्हणजे प्रमाणित अर्क, ज्यावर ‘अँथोसायनिन ३५ टक्के’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याच्या ३०० मि.ग्रॅ.मध्ये १०५ मि.ग्रॅ. अँथोसायनिन असतं, म्हणजे साधारण ४० ग्रॅम फळाइतकं.

५०० चा आकडा ३०० पेक्षा मोठा दिसतो, पण आतला माल आठ-पंधरा पट कमी असू शकतो.

आणखी एक खाचखळगा एका अक्षराचा आहे. अँथोसायनिन म्हणजे साखर जोडलेला रेणू, आणि अँथोसायनिडिन म्हणजे साखर काढून उरलेला गाभा. ब्लॅककरंटमधल्या एका प्रमुख रेणूत, डेल्फिनिडिन-३-रुटिनोसाइडमध्ये, जवळजवळ निम्मं वजन साखरेचं असतं. त्यामुळे दोन बाटल्यांची तुलना करताना दोन्हींवर एकच शब्द आहे ना, हे पाहावं लागतं.

भेसळ आणि लिंबू-सोड्याची परीक्षा

जांभळा रंग स्वस्तात मिळण्यासारखा असल्याने भेसळीचा मोह मोठा. द्राक्षाची साल, काळा तांदूळ, लाल अंबाडीची बोंडं, अगदी कृत्रिम रंगसुद्धा यात खपून जातो. घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे. कॅप्सूल उघडून चिमूटभर भुकटी तीन वाट्यांतल्या पाण्यात विरघळवा. एका वाटीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, तिसरी तशीच ठेवा. अँथोसायनिन असेल तर लिंबाच्या वाटीत रंग लख्ख लालगुलाबी होतो. सोड्याच्या वाटीत तो निळसर-हिरवट होऊन काही वेळाने मळकट पडतो. तिन्ही वाट्यांत लाल तसाच लाल राहिला, तर कृत्रिम रंगाचा संशय घ्यायला जागा आहे.

पण एवढ्यावरून ते ब्लॅककरंटच आहे असं सिद्ध होत नाही, कारण जांभळाचा रसही हाच खेळ दाखवेल. फरक कळतो तो प्रयोगशाळेतल्या, मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी चाचणीत. ब्लॅककरंटमध्ये चार अँथोसायनिन ठळक असतात: डेल्फिनिडिन आणि सायनिडिन या दोन गाभ्यांचे प्रत्येकी ग्लुकोसाइड आणि रुटिनोसाइड, म्हणजे दोन वेगळ्या साखरा जोडलेली रूपं. आलेखात चार सुळके दिसतात आणि हा साचा जवळपास अंगठ्याच्या ठशासारखा काम करतो. जांभळातल्या रेणूंवर साखर दोन ठिकाणी जोडलेली असते आणि द्राक्षात माल्विडिन हा वेगळा गाभा जास्त असतो, त्यामुळे त्यांचे सुळके वेगळ्या जागी येतात. कंपनीकडे त्या बॅचचा चाचणी अहवाल मागावा. त्यात नुसता ‘एकूण पॉलिफेनॉल’चा आकडा असेल तर तो उपयोगाचा नाही, कारण त्यात कुठलाही तुरट पदार्थ मोजला जातो.

पोटात गेल्यावर

‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाने या विषयाचं फार नुकसान केलं आहे. परीक्षानळीत अर्काने मुक्त मूलकं (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) शोषली म्हणजे रक्तातही तो तेच करतो, असं नाही. मूळ रूपातलं अँथोसायनिन रक्तात एक टक्क्याहूनही कमी पोचतं. उरलेल्याचं आतड्यात आणि तिथल्या जिवाणूंकडून छोट्या फिनॉलिक आम्लांत रूपांतर होतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ पुरुषांना कार्बन-१३ ची (कार्बनच्या थोड्या जड, ओळखता येणाऱ्या प्रकाराची) खूण असलेलं ५०० मि.ग्रॅ. सायनिडिन ग्लुकोसाइड देऊन ती खूण लघवीत आणि श्वासात शोधली, तेव्हा शरीराने सुमारे १२ टक्के वापरल्याचं दिसलं. परिणाम जो काही होतो, तो बहुधा या तुकड्यांचा आणि रक्तवाहिन्या सैलावण्याचा असावा.

डोळ्यांवरचं काम मुख्यतः जपानमधलं आहे. २००० सालच्या एका छोट्या अभ्यासात १२ जणांना वेगवेगळ्या मात्रा दिल्या, आणि अंधाराला डोळे सरावण्यात ५० मि.ग्रॅ.ला फरक दिसला. काचबिंदूच्या ३८ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षं रोज ५० मि.ग्रॅ. अँथोसायनिन दिलं, तेव्हा त्यांचं दृष्टिक्षेत्र घटण्याचा वेग निष्क्रिय गोळी घेणाऱ्या उरलेल्यांपेक्षा कमी राहिला. निष्कर्ष आशादायक आहे, पण ३८ हा आकडा लहान आहे आणि हे रुग्ण आपले नेहमीचे थेंबही घेत होते. थेंब बंद करून अर्क घेण्याला यातून काडीचाही आधार मिळत नाही.

खेळाडूंमध्ये वर सांगितलेली ३०० मि.ग्रॅ. अर्काची मात्रा (१०५ मि.ग्रॅ. अँथोसायनिन) सात दिवस देऊन बरेच प्रयोग झाले. १४ सायकलपटूंच्या एका प्रयोगात १६.१ किलोमीटरचा वेळ २.४ टक्क्यांनी सुधारला, आणि जाहिरातीत हाच आकडा झळकतो. नऊ अभ्यास एकत्र करून पाहिले तर सुधारणा ०.४५ टक्के निघते, म्हणजे अर्ध्या तासाच्या शर्यतीत आठेक सेकंद. पदकासाठी झगडणाऱ्याला ती मोलाची आहे. रविवारी सकाळी पर्वतीवर चढणाऱ्याला ती कळणारही नाही.

रक्तातल्या साखरेचा दावा सर्वांत जपून वाचावा. लंडनमधल्या एका अभ्यासात २२ जणांना पिष्टमय जेवणाआधी ब्लॅककरंटचं पेय दिलं. ६०० मि.ग्रॅ. अँथोसायनिन असलेल्या पेयाने पहिल्या अर्ध्या तासातली साखरेची उसळी कमी झाली, पण दोन तासांचा एकूण हिशेब फारसा बदलला नाही. शिवाय ६०० मि.ग्रॅ. म्हणजे ३५ टक्क्यांच्या प्रमाणित अर्काच्या जवळपास सहा कॅप्सूल, आणि तेही एका जेवणासाठी. १०:१ वाल्या असतील तर पन्नासएक.

तेलाची गोष्ट वेगळी

‘ब्लॅककरंट सीड ऑइल’ हे रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यातल्या बियांचं तेल. त्यात अँथोसायनिन नसतं. त्यात गॅमा-लिनोलेनिक आम्ल हे एक मेदाम्ल असतं, साधारण १२ ते १७ टक्के. फिनलंडमध्ये गरोदर स्त्रियांना आणि नंतर त्यांच्या बाळांना हे तेल दिलं, तेव्हा बाळांमधला इसब एक वर्षाच्या वयात कमी दिसला, पण दोन वर्षांच्या वयात तो फरक उरला नाही. डोळ्यांसाठी म्हणून हे तेल घेणारा माणूस चुकीची बाटली घेऊन घरी येतो.

कोणी जपावं, कसं ठेवावं

भारतात अशा उत्पादनावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना असावी लागते. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर अर्क किंवा तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तरीही सांगावं. पार्किन्सनसाठी सेलेजिलिन किंवा रसाजिलिन घेणाऱ्यांनी अर्कापेक्षा ब्लॅककरंटच्या रसाबाबत अधिक सावध राहावं. न्यूझीलंडच्या ‘ब्लॅकअ‍ॅडर’ वाणाच्या थंड पिळलेल्या रसाने मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी हे विकर तात्पुरतं दाबलं जातं, आणि ती औषधंही तेच करतात. लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि अर्कात दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं, कारण पॉलिफेनॉल लोहाचं शोषण कमी करतात. शौचाचा रंग काळसर-हिरवट झाला तर तो बहुधा अर्काचाच असतो. मात्र अर्क थांबवूनही तो तसाच राहिला तर तपासून घ्यावं.

अँथोसायनिनला उष्णता, ओलावा आणि उजेड सोसत नाही. गमी म्हणजे चघळायच्या गोळ्या बनवताना गरम पाक लागतो आणि त्यांच्यात पाणीही उरतं. त्यात ‘क’ जीवनसत्त्व घातलेलं असेल तर दोन्ही घटक साठवणीत एकमेकांना खराब करतात. म्हणून कोरडी कॅप्सूल बरी. विदर्भातल्या मे महिन्यात बाटली गाडीत किंवा गॅसच्या शेजारच्या फळीवर ठेवणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाटली बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. थंड भुकटीवर हवेतली वाफ धरते आणि चार दिवसांत तिचे गठ्ठे होतात.