गाडी ऑइल खाते, पण कुठून?

गॅरेजमध्ये जाऊन "इंजिन ऑइल खातंय" म्हटलं, की पुष्कळदा समोरून उत्तर येतं, "मग इंजिन उघडावं लागेल." पण उघडण्याआधी तपासण्यासारखं बरंच असतं, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टींना पान्याचीही गरज नसते.

थोडंफार ऑइल प्रत्येक इंजिन खातंच. सिलिंडर नावाच्या नळीत पिस्टन खाली उतरताना नळीच्या भिंतीवर ऑइलचा अगदी पातळ थर मागे राहतो. तो नसेल तर धातूवर धातू घासेल. इंधन पेटलं की त्यातला काही भाग जळून जातो. अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्यासारखा मानलेला असतो. हा आकडा जरा जास्तच उदार आहे, धडधाकट इंजिन याच्या बरंच आत राहतं. पण हिशेब करून बघा. अर्धा लिटर म्हणजे साधारण १०,००० थेंब. चार सिलिंडर धरले तर प्रत्येकी २,५००. ताशी ६० किलोमीटरने १,००० किलोमीटर जायला १,००० मिनिटं लागतात. म्हणजे एका सिलिंडरने २४ सेकंदांना एक थेंब जाळला की अर्धा लिटर संपला! मिनिटाला २,००० फेरे धरले, तर तेवढ्यात क्रँकशाफ्टचे (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याचे) ८०० फेरे होतात. आठशे फेऱ्यांत एक थेंब डोळ्यांना कुठून दिसणार?

म्हणून आधी मोजायचं. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून ऑइल खाली उतरू द्या, डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या पट्टीच्या) वरच्या खुणेपर्यंत भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, तितकाच वेळ थांबून पुन्हा मोजा. खुणेच्या वर मात्र भरू नका. जास्तीचं ऑइल फिरत्या क्रँकशाफ्टने घुसळलं जातं, त्याचा फेस होतो आणि खप उलट वाढतो. आणखी एक फसवणूक असते. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी हलत नाही. मग एकदा लांबचा प्रवास झाला की पेट्रोल उडून जातं आणि ऑइल "अचानक" कमी झालेलं दिसतं. तांबड्या दिव्यावरही विसंबू नका, तो बहुतेक गाड्यांत पातळीचा नसून दाबाचा असतो. तो लागेपर्यंत बेअरिंगांचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं.

खप खरोखर जास्त निघाला तर ऑइलला वाटा दोनच: बाहेर गळतंय किंवा आत जळतंय. गळती सोपी. इंजिन पुसून कोरडं करा, खाली रात्रभर पुठ्ठा ठेवा, आणि डाग कुठे पडतो ते पाहा. मात्र चालत्या गाडीतच गळणारं ऑइल पुठ्ठ्यावर सापडत नाही, त्यामुळे खालून ओलावाही बघावा.

जळत असेल तर धूर निळसर असतो. काळा धूर जादा इंधनाचा, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर बहुधा कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा). पण रंगापेक्षा वेळ जास्त बोलते. सकाळी चावी फिरवल्यावर एक निळा झोत निघाला आणि मग धूर गायब झाला, तर संशय वाल्व सीलवर, म्हणजे वाल्वच्या (झडपेच्या) दांड्याभोवतीच्या रबरी सीलवर. रात्रभर हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) साचलेलं ऑइल कडक झालेल्या रबरी सीलच्या बाजूने झिरपून खाली उतरलेलं असतं. उतारावर पाय उचलून गाडी येऊ दिली, आणि खाली पुन्हा अॅक्सिलरेटर दाबल्यावर धूर आला, तरी बोट बहुधा तिकडेच. पाय उचलला की थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) मिटतो, इनटेकमध्ये (हवा आत येण्याच्या वाटेत) जोरदार निर्वात तयार होतो आणि वाल्वच्या दांड्यालगतचं ऑइल आत ओढलं जातं. (डिझेलमध्ये हवा सहसा अशी अडवली जात नाही, त्यामुळे ही खूण तिथे फारशी उपयोगाची नाही.) चढावर, लोड पडल्यावर धूर वाढत असेल तर मात्र संशय रिंगांवर, म्हणजे पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्यांवर. आणि धूर दिसलाच नाही म्हणून ऑइल जळत नाही असंही नाही, कारण धुराच्या वाटेवर तो शुद्ध करायला बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराचसा धूर गिळतो. त्या ऑइलमधल्या फॉस्फरसने तो स्वतः हळूहळू निकामी होतो, ते वेगळंच.

रिंगांवर येण्याआधी पीसीव्ही वाल्व पाहा. रिंगांच्या बाजूने खाली झिरपणारे वायू इनटेकमध्ये परत पाठवणारा हा छोटासा भाग. तो उघडा अडकला तर ऑइलचा फवारा वायूंसोबत आत ओढला जातो. बंद अडकला तर इंजिनाच्या खालच्या भागात दाब साचतो आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकललं जातं. तो बदलणं हे सगळ्यात स्वस्तातलं काम, आणि तरीही आठवण शेवटी होते. टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) असेल तर इनटेकचा पाइप काढून आत बोट फिरवा. ओलसरपणा चालतो, थारोळं नाही.

एका पिस्टनवर बहुधा तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरतात, खालची ऑइल खरवडून पिस्टनमधल्या बारीक भोकांवाटे परत पाठवते. ऑइल वेळेवर बदललं नाही की ही भोकं कार्बनने बुजतात आणि रिंग खाचेत चिकटून बसते. गंमत म्हणजे अशा इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणारी चाचणी) अगदी उत्तम येऊ शकते, कारण वरच्या दोन रिंगा ठीक असतात! कॉम्प्रेशन कमी आलंच तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा, नाही तर वाल्व किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग). स्पार्क प्लगही काढून ओळीने मांडावेत. चारांतला एकच काळा-तेलकट निघाला, तर कुठल्या सिलिंडरमध्ये शोधायचं ते कळतं.

चिकटलेल्या रिंगांसाठी प्लगच्या भोकातून कार्बन विरघळवणारं द्रव ओतून काही तास मुरू देतात. ते पूर्ण काढून टाकल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. त्यानंतर ऑइल बदलणं आलंच. हा उपाय कधी लागू पडतो, कधी नाही. जाड ऑइल भरून खप थोडा कमी होतो, पण ती वेळ मारून नेणं झालं.

वाल्व सीलसाठी बऱ्याच इंजिनांत हेड उतरवायची गरज नसते. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी भरतात आणि पिस्टन वर आणून ती दाबून धरतात, म्हणजे स्प्रिंग काढली तरी वाल्व आत पडत नाही. रिंगांचं काम निघालं तर मात्र इंजिन उघडायलाच हवं. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या (घासून मुद्दाम पाडलेल्या) तिरक्या रेघा उरल्या नसतील, तर नुसत्या नव्या रिंगा घालून त्या नीट बसत नाहीत. एवढं सगळं करून गाडी सुरू केल्यावर पुन्हा निळा धूर दिसला तरी घाबरू नका. सायलेन्सरमध्ये आधीचं ऑइल साचलेलं असतं, ते जळून जायला गाडीच्या काही फेऱ्या लागतात.