पोट शांत, पण जीजीटी वाढलेलं

मुलाच्या शौचात रक्त दिसतं, वजन वाढत नाही आणि शेवटी कोलोनोस्कोपीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचं, निदान होतं. तिथून पुढे घरातल्या सगळ्यांचं लक्ष पोटाकडे लागतं: आज किती वेळा जावं लागलं, जेवला का, कळ आली का. यकृत कुणाच्या मनातही येत नाही. खरं तर आतड्यातलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेतून यकृतात शिरतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येतं. त्यामुळे आतडं सुजलेलं असताना यकृताची चौकशी करायलाच हवी.

बऱ्याचदा यकृताच्या रक्ततपासणीतल्या आकड्यांची वाढ किरकोळ असते. अॅझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट अशा रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे आकडे वर जातात, डोस बदलला की उतरतात. काळजी वाटावी असा आजार वेगळा आहे: स्क्लेरोझिंग कोलँजायटिस. यात पित्तनलिकांच्या भिंती सुजतात, जाड होतात, जागोजागी आवळल्या जातात. एमआरसीपी या पित्तनलिकांच्या एमआरआय तपासणीत मग ती नलिका मण्यांच्या माळेसारखी दिसते. पित्त तुंबत राहिलं तर काही वर्षांत सिरॉसिसपर्यंत, म्हणजे यकृत व्रणांनी घट्ट होण्यापर्यंत, मजल जाते.

हा आजार ज्यांना असतो, त्यांचा कोलायटिस बऱ्याचदा सौम्य असतो. मोठं आतडं बहुतेक सगळं सुजलेलं, पण जुलाब मात्र फारसे नाहीत. म्हणजे पोट बरं आहे, एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. थकवा अभ्यासाच्या ताणावर ढकलला जातो आणि अंगाची खाज त्वचेच्या अॅलर्जीवर. कावीळ दिसते ती फार उशिरा.

तपासणीतही एक खाचखळगा आहे. मोठ्या माणसांत पित्तनलिकेचा त्रास ओळखायला रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम बघतात. वाढत्या वयात ते हाडांतूनही येतं, म्हणून निरोगी मुलांतही जास्तच असतं. जीजीटी हे यकृताचं दुसरं एन्झाइम हाडांतून येत नाही, म्हणून मुलांमध्ये तेच जास्त भरवशाचं. लिव्हर फंक्शन टेस्टच्या ठरलेल्या पॅकेजमध्ये ते असेलच असं नाही, म्हणून आईवडिलांनी डॉक्टरांना मुद्दाम विचारावं.

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधला अभ्यास मला यात फार मोलाचा वाटतो. ऑटोइम्यून यकृतविकाराची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते अशा आजाराची, लक्षणं असलेल्या 55 मुलांचं तिथे 16 वर्षं निरीक्षण केलं गेलं आणि निष्कर्ष 2001 मध्ये छापले गेले. सुरुवातीलाच पित्तनलिकांचं चित्रण केल्यावर 27 मुलांत त्या बिघडलेल्या आढळल्या. नुसत्या रक्ततपासणीवर ही मुलं इतरांपासून वेगळी काढणं अवघड गेलं असतं. या 27 पैकी 44 टक्के मुलांना आतड्यांचा दाहही होता. स्टेरॉइड आणि अॅझाथायोप्रिनने अशा मुलांच्या यकृताची सूज उतरते, पित्तनलिकांचं नुकसान मात्र बऱ्याच जणांत पुढे सरकत राहतं.

अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड या पित्त वाहतं ठेवणाऱ्या औषधाने आकडे सुधारतात, म्हणून डोस वाढवून बघण्याचा मोह होतो. प्रौढांवर तो प्रयोग झाला: दर किलो वजनामागे रोज 28 ते 30 मिलिग्रॅम. 2009 मध्ये निकाल आले. रक्ताचे आकडे सुधारले होते आणि तरीही औषध घेणाऱ्या गटातच गंभीर घटना जास्त घडल्या होत्या. हा डोस आता टाळतात.

यकृत निकामी झालं तर प्रत्यारोपण करता येतं, पण नव्या यकृतातही हा आजार पुन्हा येऊ शकतो. आतडं तर जुनंच राहतं. कोलायटिसच्या जोडीला पित्तनलिकांचा हा आजार असला की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून पोटाची तक्रार नसली, नवं यकृत उत्तम चालत असलं, तरी ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करावी लागतेच.